इंजिन धावतंय, पण बोलत नाही: छोट्या रेल्वेतले आवाजाचे बिघाड

आज समोर विसापूरपासून कोपरगावपर्यंतचे लोक बसलेत, म्हणून सुरुवात आपल्याच लोहमार्गापासून करू. दौंड–मनमाड मार्ग १८७८ सालचा. त्याच्या काठाने वाढलेल्या माणसाला गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. डब्ल्यूडीएम-२ जातीचं डिझेल इंजिन, सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, मूळ रचना अमेरिकेतल्या आल्को कंपनीची. उभं असतानाही त्याची धडधड पायाखालच्या फलाटात जाणवायची. आता या मार्गावर विजेची इंजिनं आली आणि ती धडधड विरळ झाली. टेबलावर छोटी रेल्वे मांडणारे आम्ही लोक आवाजाच्या इंजिनासाठी जीव टाकतो तो यामुळेच. आमच्यातल्या कित्येकांना या छंदाची लागण पुण्यात झाली, भाऊसाहेब जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात. ते १९९८ साली सुरू झालं.

तर, हौसेने आणलेलं इंजिन एक दिवस मुकं होतं. मनात पहिला विचार येतो की चिप गेली, नवी मागवा. थांबा. चिप महाग असते, नगरच्या बाजारात मिळत नाही, आणि आमचा अनुभव असा की बहुतेक वेळा ती शाबूत निघते. दोष असतो तिच्या आधी किंवा तिच्या नंतर.

आधी आणि नंतर म्हणजे काय ते सांगतो. डीसीसी पद्धतीत रुळांमध्ये साधारण चौदा-पंधरा व्होल्टचा दाब सतत असतो आणि त्यातूनच आज्ञाही जातात. चाकं तो रुळातून उचलतात, पितळी पट्ट्या तो चिपपर्यंत, म्हणजे डिकोडरपर्यंत नेतात. डिकोडर मोटर फिरवतो, दिवा लावतो आणि स्वतःत साठवलेलं ध्वनिमुद्रण स्पीकरला देतो. रूळ, चाक, पट्टी, डिकोडर, तारा, स्पीकर. तपासायचं याच क्रमाने. इंजिनाचं टोपण सगळ्यात शेवटी उघडायचं.

त्याही आधी एक बिनखर्चाची गोष्ट. आवाज कुणी बंद तर केला नाही ना? बऱ्याच डिकोडरांत आवाज एफ-१ किंवा एफ-८ बटणावर असतो. घरात नातवंडं असतील तर हे आधी बघा. मग आवाजाची पातळी. लोकसाउंड डिकोडरात ती सीव्ही ६३ मध्ये असते. तिथे शून्य पडलं असेल तर इंजिन बिचारं बोलणार कसं? काहीच उमगेना, तर पुष्कळ डिकोडर सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की मूळ स्थितीला येतात. मात्र इंजिनाचा पत्ताही परत ३ होतो. हे विसरून अख्खी संध्याकाळ घालवलेले आम्ही लोक आहोत.

आता आपल्या जिल्ह्याचा खास आजार. आवाज मध्येच तुटतो आणि इंजिन नव्याने सुरू झाल्यासारखं पहिल्यापासून घरघरू लागतं. याचं कारण फुफाटा. आपण पर्जन्यछायेतले लोक, एप्रिल-मेत खिडकी उघडी राहिली की रुळांवर धुळीचा थर. चाक त्यावर आलं की वीज क्षणभर तुटते. मोटर जडत्वामुळे तेवढ्यात पुढे सरकते, म्हणून डोळ्यांना काही कळत नाही. पण डिकोडरातला प्रोसेसर तेवढ्यात बंद पडून पुन्हा जागा होतो. कान डोळ्यांच्या आधी सांगतात ते असं. खात्री करायची तर त्याच जागी दुसरं इंजिन चालवा. तेही अडखळलं तर दोष रुळात. हे एकटंच अडखळलं तर त्याची चाकं आणि पट्ट्या बघा.

सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. पॉलिशकागद नको, त्याचे ओरखडे पुढची धूळ धरून ठेवतात. चाकांसाठी फडकं ओलं करून रुळावर आडवं टाका, इंजिनाची अर्धी चाकं त्यावर, अर्धी रुळावर, आणि हाताने धरून मोटर फिरू द्या. फडक्यावर काळ्या रेघा उठतील. एवढं करूनही तुटत असेल तर वीज साठवणारा कपॅसिटर जोडता येतो. पण धुळीवर तो उतारा नव्हे.

पुढचा प्रकार, आवाज येतो पण खरखरतो. आता टोपण उघडा. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, लोखंडाचा कीस त्याला चिकटतो आणि पडद्याला घासतो. कधी पडदाच फाटलेला असतो. कधी आपणच आवाज जास्त वाढवलेला असतो. आवाज चिरका, पोकळ येत असेल तर स्पीकरमागची डबी सुटली आहे का पाहा. पडद्याच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी उलट्या असतात, त्या एकमेकींना मारतात. डबी मागच्या लहरी कोंडून ठेवते. फट राहिली की धडधड गेली, उरते ती फक्त टरटर.

स्पीकर मेला की नाही हे तारा डिकोडरपासून सोडवून तपासा. दीड व्होल्टच्या सेलच्या तारा क्षणभर टेकवा, ‘टप’ असं वाजलं तर तो जिवंत आहे. नवा घालताना ओहम बघा. आठ ओहमच्या डिकोडरला चारचा स्पीकर लावला तर जवळपास दुप्पट वीज ओढली जाते. आणि स्पीकरची कुठलीही तार इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला लागू देऊ नका. आमचा एक डिकोडर असाच गेला. सोल्डरिंग केलेला सांधा उघडा राहिला, टोपण दाबलं, आणि जळका वास. त्याला चूक आमचीच.

शेवटी एकाने विचारलंय, आपल्या डब्ल्यूडीएमचाच आवाज घालता येईल का? काही डिकोडरांत स्वतःचं ध्वनिमुद्रण भरता येतं, त्यासाठी वेगळं यंत्र आणि संगणक लागतो. पण फाटकावर उभं राहून टिपलेली धावती गाडी कामाची नाही. तिच्यात डब्यांची खडखड असते आणि जवळ येताना-लांब जाताना सूर बदलतो. हवं असतं उभं इंजिन. आधी नुसतं धडधडणारं, मग आठ नॉचांपैकी एकेक चढवताना, प्रत्येक नॉचवर थोडं थांबून. शिटी आणि ब्रेकची हवा वेगळी. तुमच्या ओळखीत निवृत्त लोको पायलट असतील, तर जुनी मुद्रणं कुणाकडे आहेत का, हे त्यांना विचारा. अजून कुठे आल्को उभं सापडलं, तर रेल्वेची परवानगी काढूनच जा, आणि सोबत वाऱ्याला अडवणारा स्पंज माइकवर चढवायला विसरू नका.