मिटल्या दाराचे राजकीय पक्ष व समतेचा कायदा : भंडारा मतदारसंघाची साक्ष

ता. ३ एप्रिल १९४८ रोजीं दिल्ली येथें संविधान सभेनें, कायदेमंडळ या नात्यानें बसली असतां, अनंतशयनम् अय्यंगार यांनीं मांडलेला एक ठराव संमत केला. ज्या संघटनेच्या घटनेनें अथवा तिच्या अधिकाऱ्यांच्या मर्जीनें धर्म, वंश वा जात यांवरून माणसास सभासद करून घेतलें जातें किंवा वगळलें जातें, तिला आपल्या समाजाच्या धार्मिक, सांस्कृतिक, सामाजिक व शैक्षणिक गरजांपलीकडे कोणतेंही कार्य करूं देऊं नये, आणि त्यासाठीं कायद्याचे व कारभाराचे सर्व उपाय योजावे, असा त्याचा आशय होता. गांधीजींच्या हत्येस तेव्हां नऊ आठवडे झाले होते. ठरावाचा रोख कोणावर होता हें निराळें सांगावयास नको. परंतु हिंदुमहासभा व मुस्लिम लीग यांना लागणारे ते शब्द जसेच्या तसे लाविले असते, तर तिसराही एक पक्ष त्यांत सांपडला असता. तो म्हणजे त्या वेळचे कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचाच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. ठरावाचा कायदा पुढें कधींच झाला नाहीं.

जातीच्या वा धर्माच्या खुणेनें सभासदत्व मर्यादित ठेवणाऱ्या पक्षास समतेचा कायदा लागू करावा किंवा कसें, हा वाद मात्र मिटलेला नाहीं. तो केवळ तत्त्वाच्या अंगानें मांडला म्हणजे शब्दांचा पसारा फार होतो. म्हणून १९५१ ते १९५४ या काळांतील भंडारा लोकसभा मतदारसंघाचें प्रकरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळीं भंडारा जिल्ह्याचाच भाग होता (तो १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला), आणि भंडारा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेश राज्यांत मोडत होता. मतदारसंघ द्विसदस्य होता : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींकरितां राखीव. प्रत्येक मतदारास दोन मतें असत, परंतु तीं दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. हा तपशील लक्षांत ठेवावा; पुढील पुष्कळसा भाग त्यावर उभा आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सर्वसाधारण जागेवर गोंदियाचे चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी निवडून आले. राखीव जागेसाठीं गंगाराम ठवरे यांनीं भरलेलें उमेदवारीचें पत्र मात्र छाननींतच नाकारण्यांत आलें. कारण असें दिलें गेलें कीं, ठवरे जन्मानें महार असले तरी ते महानुभाव पंथांत गेले आहेत, सबब ते अनुसूचित जातीचे उरले नाहींत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें व फेब्रुवारी १९५४ मध्यें न्या. विवियन बोस यांनीं निर्णय सांगितला. जसाणी हे विडीच्या व्यापारांतील ज्या पेढीचे भागीदार होते, तिचा सरकारशीं पुरवठ्याचा करार चालू असल्यामुळें ते अपात्र ठरले; तो भाग येथें अप्रस्तुत आहे. ठवरे यांच्याविषयीं न्यायालयानें तीन गोष्टी पाहिल्या : जुन्या समाजानें त्यांस बाहेर टाकलें काय, त्यांचा स्वतःचा हेतु काय होता, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. महार समाजानें त्यांस टाकलें नव्हतें. त्यांनींही जुनीं सामाजिक व राजकीय नातीं तोडलीं नव्हतीं. तेव्हां ते महारच राहिले, पत्र नाकारणें गैर झालें, आणि निवडणूक समूळ रद्द ठरली.

सकळ लिपींतील पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस या निवाड्यांतील विपर्यास विशेष जाणवेल. श्रीचक्रधरांनीं तेराव्या शतकांत ज्या पंथाचीं दारें स्त्रियांस व शूद्रांसही उघडीं केलीं, त्या पंथांत गेल्याच्या कारणावरून विसाव्या शतकांत एका मनुष्यास राखीव जागेच्या दारांतून परत फिरविण्यांत आलें. उघड्या दारांतून आंत गेलेला माणूस बंद दाराशीं अडला, आणि तें दार उघडण्यासाठीं त्याची जात अद्याप कायम आहे असें देशाच्या सर्वोच्च न्यायासनास सिद्ध मानावें लागलें !

निवडणूक रद्द झाल्यानें त्याच वर्षीं दोन्ही जागांसाठीं पुन्हां मतदान झालें आणि राखीव जागेवर फेडरेशनतर्फे स्वतः डॉ. आंबेडकर उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते व दोघांचें सहकार्य होतें. फेडरेशनच्या कांहीं कार्यकर्त्यांचा आग्रह असा होता कीं, आपल्या मतदारांनीं एकच मत बाबासाहेबांस द्यावें व दुसरें कोणासही न देतां कुजवावें. ज्यानें राज्यघटना लिहिली त्यानें मत वाया घालविण्याचा उपदेश करावा हें शोभत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें व तो मार्ग नाकारला, असें चरित्रकार सांगतात. मेहता निवडून आले; राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनीं डॉ. आंबेडकरांचा आठ हजारांहून अधिक मतांनीं पराभव केला.

या पराभवांत आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें. फेडरेशनच्या सभासदपटावर कोणाचें नांव चढावें यास जातीचें बंधन होतें. पण त्या बंधनानें भंडारा-गोंदियाच्या एकाही मतदाराचें मत हिरावून घेतलें नाहीं. उलट संयुक्त मतदारसंघांत इतर जातींचीं मतें मिळाल्यावांचून राखीव जागाही हातीं येत नसे. बंद दाराचा तोटा झाला तो दार लावणाऱ्यास.

आतां याशेजारीं अमेरिकेंतील टेक्सास राज्य ठेवून पाहावें. तेथें डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत कृष्णवर्णीयांस मत नसे. पक्ष ही खासगी मंडळी आहे, तिनें कोणास घ्यावें हें तिनें पाहावें, असें समर्थन होई, आणि १९३५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें तें मान्यही केलें. परंतु त्या राज्यांत पक्षाची उमेदवारी मिळाली म्हणजे निवडणूक जिंकल्यासारखीच होती. खरें मतदान दाराच्या आंत होऊन जाई व बाहेर उरे तो उपचार. १९४४ च्या स्मिथ विरुद्ध ऑलराइट या निवाड्यानें न्यायालयानें आपली चूक सुधारली. इंग्लंडांत १९७३ सालीं लॉर्ड्सच्या न्यायासनानें, ईस्ट हॅमच्या एका काँझर्व्हेटिव्ह क्लबानें शीख गृहस्थास सभासदत्व नाकारलें तें वंशविषयक कायद्याच्या कक्षेबाहेर ठरविलें. १९७६ च्या कायद्यानें ती पळवाट बुजविली, आणि त्याच आधारें पुढें २०१० मध्यें ब्रिटिश नॅशनल पार्टीस आपली केवळ गोऱ्यांची घटना बदलावी लागली.

आमच्याकडे कायद्यानें निराळी वाट धरिली आहे. राज्यघटनेचें १५ वें कलम मुख्यतः राज्यसंस्थेस बांधतें. त्याचा दुसरा खंड दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, घाट अशा स्थळांपर्यंत पोहोंचतो, पक्षाच्या सभासदपटापर्यंत नाहीं. १९ व्या कलमानें संघ स्थापण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे, आणि पारशी गृहनिर्माण संस्थेच्या २००५ मधील निवाड्यांत त्याच आधारें सभासदत्वाची मर्यादा मान्य झाली. १९८९ पासून पक्षाच्या नोंदणीसाठीं राज्यघटना, धर्मनिरपेक्षता व लोकशाही यांवरील निष्ठेचें वचन द्यावें लागतें. निवडणुकींत धर्म वा जात यांच्या नांवानें मत मागणें हा गैरप्रकार आहे, आणि २०१७ मध्यें त्याचा अर्थ आणखी विस्तृत झाला. सारांश, कायदा जागेची जात पाहतो, उमेदवाराची पाहतो, प्रचाराचे शब्द पाहतो. सभासदत्वाच्या पावतीपाशीं मात्र तो थांबतो.

तो तेथें थांबावा काय ? आमचें मत असें कीं, दार कोणत्या घराचें आहे हें आधीं विचारावें. जेथें पक्षाचें दार हेंच मतपेटीचें दार होऊन बसतें, तेथें समतेच्या कायद्यानें आंत शिरलेंच पाहिजे. टेक्सासचा धडा तोच आहे. जेथें दार लावणारा स्वतः सर्व घरांबाहेर ठेवलेला आहे, तेथें त्याच कायद्यानें त्याची ओसरी मोडणें म्हणजे समतेच्या नांवानें विषमतेस हात देणें होय. १९४८ च्या ठरावाची मोजपट्टी दोघांस एकच होती, आणि तिचा कायदा झाला नाहीं याबद्दल आम्हांस खेद वाटत नाहीं. यांत अडचण नाहीं असें नव्हे. आज दुबळा असलेला उद्यां प्रबळ होतो, आणि कोण दुबळा हें ठरविण्याचें काम न्यायाधीशावर येतें. ठवरे प्रकरणांत एका माणसाची जात ठरविण्यास दोन वर्षांवर काळ गेला. प्रत्येक पक्षाच्या पटावरील नांवांसाठीं तसें करावयाचें म्हटल्यास न्यायालयें वंशावळींचीं दप्तरें होतील. शिवाय चार आण्यांच्या वर्गणीवर सर्वांस खुल्या असलेल्या काँग्रेसमध्यें तरी उमेदवारीची वाटणी जात न पाहतां होत होती, असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं.

फेडरेशनचें दार अखेर उघडलें तें कायद्यानें नव्हे. डॉ. आंबेडकरांचा १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष सर्वांस खुला होता. अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण त्याच्या तिकिटावर निवडून आले होते. १९४२ मध्यें क्रिप्स योजनेंत केवळ जमातींचाच विचार झालेला पाहून नागपुरास फेडरेशन स्थापन झालें, म्हणजे दार काळाच्या गरजेनें लावलें गेलें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरासच धम्मदीक्षा झाली, आणि एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें बौद्ध झालेला मनुष्य अनुसूचित जातीचा राहत नसे (ही उणीव १९९० मध्यें दूर झाली). ज्या सूचीवरून पक्षाचें नांव पडलें होतें, तिच्यांतूनच त्याचे लक्षावधि अनुयायी एका दिवसांत बाहेर पडले. सर्वांस खुल्या पक्षाची योजना बाबासाहेबांनीं आधींच आंखली होती. त्यांच्या निधनानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं नागपुरांत रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. हिंदुमहासभेंत दार उघडण्याची सूचना श्यामाप्रसाद मुखर्जी यांनीं केली होती. ती मानली न गेल्यानें ते १९४८ मध्यें बाहेर पडले व १९५१ मध्यें त्यांनीं सर्वांस खुला असा जनसंघ स्थापिला.

या विषयाचीं अस्सल साधनें, म्हणजे सभासदत्वाच्या पावत्या, शाखांच्या घटना व नियमपत्रिका, १९५४ चीं प्रचारपत्रकें, मतदारयाद्या, हीं जुनीं बाडें नव्हेत म्हणून संग्राहकांनीं आजवर उपेक्षिलीं आहेत. त्यांचा कागद हलका आहे व पूर्व विदर्भांतील पावसापुढें तो फार दिवस टिकणार नाहीं. गोंदिया, तिरोडा, आमगांव, अर्जुनी-मोरगांव या बाजूंस ज्यांच्या घरीं असे कागद असतील, त्यांनीं निदान सभासदत्वाच्या कलमाची अक्षरशः नक्कल करून, कागदाचें माप, छापखान्याचें नांव व तारीख यांसह, मंडळाकडे पाठवावी.