गजकर्ण समजून चोळलेला चट्टा

कंबरेवर किंवा मांडीवर फिकट चट्टा उठतो, थोडी खाज सुटते. गजकर्ण समजून मेडिकलवरून ट्यूब येते. बहुतेकदा ते गजकर्णच असतं. पण कपड्यांनी झाकलेल्या जागी वर्षभर ठाण मांडलेला, ट्यूबने दबून पुन्हा वर येणारा चट्टा क्वचित 'मायकोसिस फंगॉइडिस' निघतो. हा त्वचेचा लिंफोमा, म्हणजे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. पॅरिसचे डॉक्टर आलिबेर यांनी १८०६ साली त्याचं वर्णन केलं. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही.

सावळ्या कातडीवर हे चट्टे अनेकदा पांढुरके दिसतात आणि घरात कोडाची, कुष्ठरोगाची भीती शिरते. डॉक्टर चट्ट्यावर कापसाचं टोक फिरवतात. कुष्ठरोगात तिथला स्पर्श बहुधा कळत नाही, इथे कळतो.

खरा उलगडा बायोप्सीने होतो. जागा बधिर करून चारेक मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली टी-पेशी कातडीच्या वरच्या थरात शिरून घोळक्याने बसलेल्या दिसतात. मेडिकलवरून आणलेल्या अनेक ट्यूबांत स्टिरॉइड असतं आणि ते नेमकी हीच खूण पुसतं, म्हणून आधी दोन-चार आठवडे ट्यूब बंद ठेवायला सांगतात. पहिल्या तुकड्यात काही सापडलं नाही, तरी चट्टा टिकून असेल तर पुन्हा, दुसऱ्या जागेवरून तुकडा घ्यावा लागतो. निदानाला कधी कधी वर्षं जातात.

मग चट्टे मोजतात. रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण एक टक्का कातडी. चट्टे दहा टक्क्यांच्या आत असतील, गाठी नसतील, तर आयुष्य सहसा घटत नाही. तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायचं तीव्र स्टिरॉइड मलम किंवा अतिनील प्रकाशाचे शेक पुरतात. गाठी आल्या तर किरणोपचार, इंजेक्शनं लागतात.

शेक आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने घ्यावे लागतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्याकडे निघणाऱ्या कुटुंबाला ते कसं जमणार? माझ्या मते ऊसतोड कामगारांच्या बीड जिल्ह्यातली खरी अडचण हीच आहे. म्हणून ऊसतोडीला जाणार असाल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. हा आजार बहुधा संथ असतो, त्यामुळे उपचारांची आखणी हंगाम पाहून करता येते.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. तिथे दाखवा, आणि जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा सोबत न्या.