चावी फिरवली, नुसतं ‘टक्’

ट्रकची चावी फिरवली आणि नुसतं ‘टक्’ वाजलं, की दोष स्टार्टरला देऊन आपण मोकळे होतो. आधी बॅटऱ्या बघा. मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट मिळतात. चावी मारताना हा आकडा 19च्या खाली कोसळला, तर बहुधा बॅटरी तरी थकली आहे किंवा टर्मिनल गंजलं आहे. ते नीट असेल तर मात्र सोलेनॉइडचे झिजलेले तांब्याचे संपर्क किंवा मोटरचे कार्बन ब्रश.

स्टार्टर घरी बदलणं जमतं, पण पहिला पाना बॅटरीच्या निगेटिव्हवर. स्टार्टरकडे जाणाऱ्या जाड केबलला बहुतेकदा फ्यूज नसतो. पाना चेसिसला टेकला तर शेकडो अँपिअर वाहून तो लाल होतो. शेवटचा बोल्ट काढण्याआधी मोटरला खालून आधार द्या, फार जड असते ती.

खरी गंमत स्टार्टरच्या छोट्या दातेरी चाकात, म्हणजे पिनियनमध्ये. तो फ्लायव्हीलच्या दातांत शिरतो, इंजिन फिरवतो आणि ते सुरू होताच एकेरी क्लचमुळे मोटरपासून सुटा फिरतो. तो क्लच नसता, तर सुरू झालेल्या इंजिनने मोटरला स्वतःच्या साधारण दहापट वेगाने फिरवून तिच्या तारा उधळल्या असत्या.