एकने सुरू होणारा पीएनआर

रेल्वेचं तिकीट हाती आलं की माणसं डबा पाहतात, बर्थ पाहतात, खालचा मिळाला नाही म्हणून चुकचुकतात. माझी नजर जाते पीएनआरच्या पहिल्या आकड्यावर. दहा आकडी क्रमांकातला हा पहिला आकडा त्या गाडीचा हिशेब कोणत्या शहरातला संगणक ठेवतो ते सांगतो. दिल्लीला २ आणि ३, चेन्नईला ४ आणि ५, कोलकात्याला ६ आणि ७, मुंबईला ८ आणि ९. चार महानगरांना दोन-दोन आकडे देऊन झाल्यावर जो १ उरला, तो सिकंदराबादचा. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, या चौकशीने मला बरीच वर्षं छळलं आहे. त्या नादात हाती लागलं ते मात्र वेगळंच: संगणक कंपन्यांच्या लढाईचा एक इतिहास. ही लढाई सिलिकॉन व्हॅलीत जेवढा काळ चालली, त्याहून जास्त काळ ती आपल्या आरक्षण खिडकीमागे चालू आहे.

सिकंदराबाद मराठवाड्यातल्या माणसाला परगाव वाटत नाही. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर ही स्टेशनं दक्षिण मध्य रेल्वेची. २ ऑक्टोबर १९६६ला जन्मलेल्या या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादच्या रेल निलयममध्ये आहे. निजामाच्या काळात टाकलेली मनमाड ते सिकंदराबाद ही वाट मीटरगेजची. त्यामुळे कित्येक पिढ्यांनी मनमाडला एका गाडीतून उतरून वळकट्या, ट्रंका, पोरंबाळं दुसऱ्या गाडीत चढवली. मराठवाड्याचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांनी ब्रॉडगेजसाठी आंदोलन उभं केलं ते यापायीच. एका कंपनीच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीच्या यंत्रावर का चालत नाही, हे ज्यांनी मनमाड अनुभवलं त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

सिकंदराबादच्या ईशान्येला कुशाईगुड्याकडे जाताना ए. एस. राव नगर लागतं. अय्यगारी सांबशिव राव यांनी १९६७मध्ये उभी केलेली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईसीआयएल, याच भागात. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या कामातून आलेला ‘टीडीसी-१२’ हा बारा बिटांचा संगणक त्यांनी १९६९मध्ये बाहेर काढला. पाठोपाठ टीडीसी-३१२ आणि टीडीसी-३१६ आले. त्या वेळी आयबीएम आपल्या देशात परदेशात वापरून झालेली १४०१ यंत्रं भाड्याने देत होती आणि रेल्वेच्या विभागांत पगारपत्रकं, हिशेब त्यांच्यावरच व्हायचे. सरकारने ईसीआयएलला झुकतं माप दिलं, आयातीवर लगाम घातला. परकीय चलन कायद्याच्या अटी मान्य न झाल्याने १९७८मध्ये आयबीएमने इथला गाशा गुंडाळला. देशी यंत्राचा हा विजय होता असं पुष्कळांना वाटतं. मला वाटत नाही. यंत्र बनवणं आणि त्या यंत्रावर काम करणाऱ्या प्रोग्रामांची चळत उभी करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीत आपण कमी पडलो.

आयबीएम गेली तेव्हा तिची यंत्रं सांभाळायला एक सरकारी कंपनी तयार होती: १९७५मध्ये स्थापन झालेली कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, नंतरची सीएमसी. नावातच देखभाल. पण दुसऱ्याची यंत्रं दुरुस्त करता करता ही मंडळी मोठ्या प्रणाली लिहायला शिकली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने चाललेल्या ‘इंटरॅक्ट’ प्रकल्पात रेल्वेची मालवाहतूक, वीजवितरण आणि हवामान या तीन क्षेत्रांसाठी संगणकप्रणाली रचण्याचं काम झालं. सीएमसीचा संशोधन विभाग सिकंदराबादला, सरोजिनी देवी रोडवर होता. हा पत्ता लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

१९८५मध्ये सीएमसीने दिल्लीत ‘इम्प्रेस’ सुरू केली. रेल्वेचं संगणकीकृत प्रवासी आरक्षण ते हेच. रेल्वे राज्यमंत्री होते माधवराव शिंदे, ग्वाल्हेरचे, आणि ते या कामामागे ठाम उभे राहिले. त्याआधीचं आरक्षण म्हणजे जाडजूड रजिस्टर. ते ज्या खिडकीवर, त्याच खिडकीवर त्या गाडीची रांग. परतीचं तिकीट हवं असेल तर समोरच्या स्टेशनला तार करायची आणि उत्तराची वाट पाहायची. ‘इम्प्रेस’ने कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचं तिकीट देऊन दाखवलं. पुढच्या काही वर्षांत मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद इथेही ती पोहोचली.

यंत्र होतं अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं, प्रोग्रामरांच्या तोंडी ‘डेक’चं: व्हॅक्स. त्यावरची कार्यप्रणाली व्हीएमएस. ज्यांनी त्या काळात कॉलेजात किंवा कंपनीत संगणक हाताळला त्यांना व्हीएमएस आणि युनिक्स यांच्या भक्तांमधलं वैर आठवेल. युनिक्सवाले म्हणायचे, आमचं कुठल्याही यंत्रावर चढतं, तुमचं एका कंपनीच्या दावणीला बांधलेलं. व्हीएमएसवाले म्हणायचे, चढतं खरं, पण टिकतं का? दोघांचंही खरं होतं. व्हीएमएसमध्ये फाइल बदलून ठेवली की जुनी पुसली जात नाही, अर्धविरामापुढे नवा क्रमांक लागून दोन्ही राहतात. अनेक व्हॅक्स एकत्र जोडले की एक बंद पडला तरी बाकीचे काम ओढतात. एकच बर्थ दोघांना गेला तर स्टेशनवर मारामारी होईल, अशा कामाला हे गुण सोन्याहून मोलाचे. युनिक्सने पुढे जग जिंकलं, हे मान्य. आरक्षणाच्या खिडकीमागे मात्र ते जिंकू शकलं नाही.

‘इम्प्रेस’ची अडचण वेगळी होती. पाच शहरांत पाच बेटं तयार झाली. दिल्लीच्या संगणकाला सिकंदराबादच्या गाडीतले बर्थ दिसत नव्हते. शिवाय ‘इम्प्रेस’ सीएमसीची आणि रेल्वेला स्वतःची हवी होती. त्यासाठी १९८६मध्येच रेल्वेने सेंटर फॉर रेल्वे इन्फर्मेशन सिस्टिम्स, म्हणजे ‘क्रिस’, ही संस्था काढली होती. तिच्या प्रोग्रामरांनी नवी प्रणाली लिहिली, बहुतांश सी भाषेत, काही तुकडे फोर्ट्रानमध्ये. नाव ठेवलं ‘कॉन्सर्ट’. पाचही केंद्रांनी एकसुरात वाजावं, असा त्या नावातला हेतू असावा.

ही ‘कॉन्सर्ट’ पहिल्यांदा बसली ती दिल्लीत नव्हे, मुंबईतही नव्हे. सप्टेंबर १९९४मध्ये ती सिकंदराबादला सुरू झाली.

माझ्या लेखी हा या सगळ्या कहाणीतला सर्वांत रसाळ प्रसंग आहे. ज्या गावात सीएमसीचं संशोधन चालायचं, त्याच गावात सीएमसीच्या प्रणालीला बाजूला सारणारी प्रणाली आधी उभी राहिली. सरकारी कागदांत अशी कुरघोडी कुठे लिहून ठेवत नाहीत, आणि निवडीमागे साधा व्यवहारही असणार. दिल्ली किंवा मुंबईत नवा प्रोग्राम कोसळला तर दुसऱ्या दिवशी संसदेत प्रश्न येतो. सिकंदराबाद पाचांत धाकटं, गर्दी त्या मानाने आटोक्यात. नवी आवृत्ती पहिल्यांदा कुठे चढवायची हे ठरवताना प्रत्येक प्रोग्रामर असाच विचार करतो: जिथे पडलं तर आवाज कमी होईल, तिथे.

‘कॉन्सर्ट’चा कणा होता डेकचंच ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’. समोरच्या खिडकीने मागणी पाठवली की ती कोणत्या शहराच्या संगणकाकडे जायची ते हा राउटर ठरवतो. वाटेत तार तुटली तरी मागणी हरवत नाही आणि दोनदा नोंदवलीही जात नाही. पैसे कापले पण बर्थ नाही, किंवा बर्थ दिला पण पैसे नाहीत, असला अर्धवट व्यवहार त्याला मान्य नाही. शेअर बाजारांसारख्या ठिकाणी वापरलं जाणारं हे तंत्र परभणीच्या माणसाचं दिल्लीचं तिकीट सुखरूप पोहोचवू लागलं. १८ एप्रिल १९९९ला पाचही केंद्रं जोडली गेली आणि देशात कुठूनही कुठलंही तिकीट मिळू लागलं. वर्तमानपत्रांनी त्या काळात इंटरनेटच्या बातम्यांवर जेवढी शाई खर्च केली, तिच्या शतांशही या घटनेवर केली असती तर बरं झालं असतं.

सीएमसीचं पुढे काय झालं ते दोन ओळींत सांगता येतं. २००१मध्ये सरकारने तिचे ५१ टक्के शेअर टाटांना १५२ कोटी रुपयांना विकले आणि २०१५मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली.

खिडकीमागच्या यंत्राचं नशीब जास्त नाट्यमय निघालं. डेकने १९९२मध्ये व्हॅक्सच्या जागी अल्फा नावाचा वेगवान प्रोसेसर आणला. (सिकंदराबाद स्टेशनसमोर अल्फा हॉटेल आहे, इराणी चहासाठी प्रसिद्ध. दोघांचा संबंध काही नाही, पण प्रोसेसरपेक्षा हॉटेल जास्त टिकलं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) १९९८मध्ये कॉम्पॅकने डेक विकत घेतली आणि २००१मध्ये अल्फा बंद करून इंटेलच्या इटेनियमकडे वळत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच वर्षी खुद्द कॉम्पॅक एचपीच्या पोटात गेली. एचपीने २०१३मध्ये व्हीएमएसमधून पाय काढायला सुरुवात केली. २०१४मध्ये व्हीएसआय नावाच्या छोट्या कंपनीने तिची सूत्रं हाती घेतली. इटेनियमही गेला, २०२१मध्ये इंटेलने त्याची शेवटची खेप पाठवली. मालक बदलले, प्रोसेसर बदलले, खिडकीवरचा कारकून मात्र तेच करत राहिला: गाडी नंबर, तारीख, वर्ग, कोटा.

याच व्हीएमएसच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक, डेव्हिड कटलर, १९८८मध्ये डेक सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथे त्यांनी विंडोज एनटी घडवली. ती १९९३मध्ये बाजारात आली. व्ही-एम-एस या तिन्ही अक्षरांना एकेक घर पुढे सरकवलं की डब्ल्यू-एन-टी होतं, हा प्रोग्रामरांचा जुना विनोद. पुढे १९९८मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेबाहेर मोठं विकासकेंद्र काढलं ते हैदराबादेत, हायटेक सिटीत. स्टेशनजवळच्या संगणकात व्हीएमएस आणि हायटेक सिटीत तिचा दुसऱ्या घरात वाढलेला भाऊ, अशी सिकंदराबाद आणि हैदराबाद या जुळ्या शहरांची वाटणी झाली.

त्या केंद्रातून निघालेल्या एका भाषेची आठवण आता हैदराबादच्या अमीरपेठेतल्या संगणक-क्लासवाल्यांनाही नसेल. सन कंपनीची जावा मायक्रोसॉफ्टने आपल्या पद्धतीने वाकवली, म्हणून सनने १९९७मध्ये खटला भरला. २००१मध्ये मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर देऊन तो मिटवला. मग जे मायक्रोसॉफ्टच्या जावावर प्रोग्राम लिहून बसले होते त्यांचं काय? त्यांच्यासाठी हैदराबादच्या मंडळींनी ‘जे शार्प’ बांधली. जावासारखं लिहा, पण चालेल मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर. २००२मध्ये ती आली तेव्हाच जुनाट होती, कारण जावाच्या १.१.४ या आवृत्तीपलीकडे तिची मजल नव्हती. खरी जावा तोवर पुष्कळ पुढे गेली होती. २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने ती गुंडाळत असल्याचं सांगितलं. त्या प्रोग्रामरांच्या कसबाबद्दल मला शंका नाही. दोन कंपन्यांच्या भांडणात मधला पूल बांधायचं काम ज्याच्याकडे येतं, त्याच्या पुलावरून शेवटी कुणी जात नाही.

‘कॉन्सर्ट’ तशी नव्हती. ती कुणाला कुणाकडे वळवायला लिहिलेली नव्हती. तिच्यात रेल्वेचे नियम होते: आरएसी, वेटिंगचे प्रकार, महिला कोटा, मुख्यालय कोटा, परदेशी पर्यटकांचा कोटा, १९९७मध्ये आलेलं तत्काळ, अपंग आणि रुग्णांच्या सवलती. नियम दरवर्षी बदलत गेले आणि प्रत्येक बदल कुणीतरी त्या जुन्या प्रोग्रामात हाताने घातला. २००२मध्ये आयआरसीटीसीचं ऑनलाइन तिकीट सुरू झालं, पण वेबसाइटमागे बर्थ वाटणारी प्रणाली रेल्वेची तीच. सकाळी दहाला तत्काळसाठी मोबाइलवर बोटं आपटणारा तरुण शेवटी तिच्याच दारात उभा असतो.

२०२५मध्ये संसदेत रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं, की सध्याची आरक्षणप्रणाली २०१०मध्ये बसवलेली असून इटेनियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएसवर चालते, मिनिटाला सुमारे पंचवीस हजार तिकिटं काढते आणि तिच्या जागी चौपट क्षमतेची नवी प्रणाली येते आहे. नव्या यंत्रांचा वेग मला पटतो. तीस-चाळीस वर्षांचे कोटे आणि सवलती नव्या भाषेत उतरवायचं काम किती सोपं जाईल, ते पटत नाही. त्याच वर्षीच्या जुलैत भाडी वाढली, ऑनलाइन तत्काळसाठी आधार सक्तीचं झालं, चार्ट गाडी सुटण्याच्या आठ तास आधी लावायचं ठरलं. हे सगळे बदल क्रिसच्या प्रोग्रामरांनी, नव्या प्रणालीची बांधणी चालू असताना, जुन्या प्रणालीतच घातले.