वही आणि पेटी जुळली पाहिजे

कारकून म्हणून नोकरीला लागले की पहिला धडा मिळतो तो रोकडवहीचा. संध्याकाळी वहीतील शिल्लक आणि पेटीतील पैसे जुळलेच पाहिजेत. दहा रुपयांचा फरक पडला तरी जागेवरून उठता येत नाही. बंधू-भगिनींनो, जो नियम कारकुनाला आहे, तो कंपनीच्या सर्वांत मोठ्या साहेबालाही आहे. तो मोडला की काय होते, हे हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीने दाखवून दिले.

7 जानेवारी 2009 रोजी कंपनीचे संस्थापक अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेल्या शिल्लक रकमेपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत कामकाजाचा नफा 649 कोटी दाखवला होता. खरा होता 61 कोटी. म्हणजे वही भरलेली आणि पेटी रिकामी!

यात बुडाले कोण? पहिला भागधारक. सुमारे 179 रुपयांचा शेअर त्या एका दिवसात 40 रुपयांच्या आसपास आला. दुसरा कर्मचारी. पन्नास हजारांवर माणसे पुढचा पगार होईल की नाही या काळजीत पडली. तिसरा ग्राहक. आपले काम पुरे होईल का, अशी शंका त्याला आली. हिशेब एकच खोटा होता, पण फटका तिघांनाही बसला.

म्हणून साहेब भागधारकाला काय देणे लागतो? चढा भाव नव्हे, तर खरा हिशेब. कर्मचाऱ्याला वेळेवर पगार, भविष्य निर्वाह निधीचा नियमित भरणा आणि संकटाची वेळीच सूचना. ग्राहकाला कबूल केलेले काम, कबूल केलेल्या दरात. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 166 व्या कलमाने संचालकांच्या कर्तव्यात भागधारकांबरोबर कर्मचारी आणि समाजाचेही हित घातले आहे. मालकाची मर्जी हाच कायदा, असे आता म्हणता येत नाही.

सरकारने तेव्हा जुने संचालक मंडळ दूर करून नवे नेमले. एप्रिल 2009 मध्ये टेक महिंद्राची निवड झाली आणि कंपनी तगली. एप्रिल 2015 मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. अपिलात त्यांना जामीन मिळाला.

हे सारे मोठ्यांचे, आपला काय संबंध, असे म्हणू नका. आपल्या वस्तीतही बचत गट आहे, पतपेढी आहे, मंडळाची वर्गणी आहे. वार्षिक सभेत चिटणीस हिशेब वाचून दाखवतो, आपण टाळ्या वाजवून घरी येतो. सत्यमच्या सभेतही हिशेब मंजूर होतच होते. पुढच्या सभेत एवढेच करा. हिशेब ऐकून झाला की उठून नम्रपणे म्हणा, ‘‘बँकेचे पासबुकही दाखवा.’’ प्रामाणिक माणसाला या मागणीचा राग येत नाही.