कार्ट परवडेना म्हणून: व्हॅलेंटिनो रॉसी कसा घडला

24 सप्टेंबर 2023 रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. ती जिंकणारा मार्को बेझेक्की व्हॅलेंटिनो रॉसीच्या अकादमीत घडलेला, आणि धावत होता तोही रॉसीच्याच संघाकडून. स्वतः रॉसीला निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. नऊ विश्वविजेतेपदं आणि 115 ग्रांप्री विजय हे त्याचे आकडे चाहत्यांना तोंडपाठ असतात. पण या माणसाचं लहानपण कार्ट चालवण्यात गेलं, आणि ती कार्ट सुटली ती पैशांपायी, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. शर्यतीत मूल घालू पाहणाऱ्या आईबापांनी मात्र त्याच्या कहाणीतला नेमका हाच भाग वाचायला हवा.

रॉसीचा जन्म 16 फेब्रुवारी 1979 चा, इटलीतल्या उर्बिनोचा. वाढला तो जवळच्या ताव्हुलिया या डोंगरावरच्या छोट्या गावात. वडील ग्रात्सियानो स्वतः ग्रांप्री स्वार होते. मुलगा जन्मला त्याच वर्षी त्यांनी 250 सीसी गटात तीन शर्यती जिंकल्या आणि विश्वविजेतेपदाच्या क्रमवारीत तिसरं स्थान मिळवलं. मुलाने पुढे जगभर गाजवलेला 46 हा क्रमांकही मूळचा त्यांचाच. पण 1982 मध्ये ग्रात्सियानो यांना जबर अपघात झाला आणि त्यांची कारकीर्द तिथेच संपली. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या आईला, स्तेफानियाला, मुलाला दोन चाकांपासून लांब ठेवायचं होतं, म्हणून वडिलांनी कार्ट आणली. कुठल्याही आईने हेच केलं असतं. पुढे वडिलांनीच त्या कार्टचं 60 सीसीचं इंजिन काढून 100 सीसीचं बसवलं, तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता.

कार्ट दिसायला खेळणं वाटते, पण शिकवते फार कठोरपणे. तिला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे ट्रॅकचा प्रत्येक उंचवटा थेट पाठीच्या मणक्यात जाणवतो. डिफरन्शियलही नसतं. मागचा आस सलग एकच, म्हणून दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचलावं लागतं. ते जमलं नाही तर कार्ट अडखळते, वेग मरतो. ब्रेक कुठे सोडायचा, वळणात कुठून शिरून कुठे बाहेर पडायचं, पुढच्याची चूक होईपर्यंत किती जवळ राहायचं, हे मूल तिथे अंगाने शिकतं. एक गोष्ट मात्र कार्ट शिकवू शकत नाही. कार्ट घसरली तर गिरकी घेऊन थांबते, मोटारसायकल घसरली की स्वार जमिनीवर असतो. पुढचा टायर रस्त्याला धरून आहे की नाही, हे हँडलवरच्या हातांतून ओळखायची विद्या वेगळी, आणि ती दोन चाकांवरच यावी लागते.

1990 मध्ये रॉसीने प्रादेशिक कार्टिंग स्पर्धा जिंकली. पुढे पार्मा इथल्या राष्ट्रीय स्पर्धेत तो पाचवा आला. आता पुढची पायरी होती 100 सीसी गटातली इटालियन आणि युरोपीय स्पर्धा. बापलेकांच्या डोळ्यांसमोर तोच मार्ग होता, आणि तो बहुधा फॉर्म्युला वनच्या दिशेने गेला असता. पण त्या पातळीवर इंजिनं, टायर, प्रवास, मेकॅनिक यांचा खर्च वर्षाकाठी इतका होत होता की माजी ग्रांप्री स्वाराच्या घरालाही तो झेपेना. तेव्हा त्यांनी कार्ट सोडली आणि आधीच जोडीला सुरू असलेली मिनीमोटो तेवढी धरली.

मिनीमोटो म्हणजे मोठ्या माणसाच्या जेमतेम गुडघ्याला लागेल एवढी मोटारसायकल, सुमारे 40 सीसीची. तिच्या शर्यती कार्टच्याच ट्रॅकवर होत. रिमिनी, रिचोने, कातोलिका या एड्रियाटिक किनाऱ्यालगतच्या भागात या छोट्या गाड्यांचं वेड घरोघरी होतं. पुढे मोटोजीपीपर्यंत पोचलेला मार्को सिमोनचेल्लीही याच मुलखातला आणि याच वाटेने आलेला. म्हणजे रॉसीने वाहन बदललं, ट्रॅक तोच राहिला. मला हे फार मोलाचं वाटतं. वळणांची ओळख जुनी होती, नवा होता तो फक्त तोल. याच किशोरवयात तो मित्रांसोबत ताव्हुलियाच्या उतारांवर पियाजिओची तीनचाकी आपे पळवत असे. तीच आपे, जी आपल्या गावोगावी भाजी आणि माणसं वाहते आणि जिचा भारतातला कारखाना बारामतीत आहे.

1993 मध्ये त्याला शर्यतीसाठी काजिव्हा मितो 125 ही मोटारसायकल मिळाली. पहिल्या स्पर्धेला ती घेऊन बाहेर पडला तो पहिल्याच वळणावर पडला, पिट लेनपासून जेमतेम शंभर मीटरवर. त्याच स्पर्धेत तो नववा आला. पुढच्या वर्षी तो आपल्या गटात इटलीचा विजेता होता. 1996 मध्ये एप्रिलियावर विश्व स्पर्धेत पदार्पण, त्याच मोसमात झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला पहिला विजय, 1997 मध्ये 11 शर्यती जिंकून 125 सीसीचं विश्वविजेतेपद. पुढचं सर्वज्ञात आहे. चार चाकं त्याच्या मनातून कधीच गेली नाहीत. 2004 आणि 2006 मध्ये त्याने फेरारीची फॉर्म्युला वन गाडी चालवून पाहिली, तरी राहिला मोटारसायकलवरच. निवृत्तीनंतर मात्र तो जीटी मोटारींच्या शर्यतीत उतरला आणि 2023 मध्ये घराजवळच्या मिसानो ट्रॅकवर जिंकलाही.

पदार्पणाच्या वेळी रॉसी 17 वर्षांचा होता. आज त्याला बहुधा थांबावं लागलं असतं. 2021 च्या एकाच मोसमात जेसन द्युपास्किए 19 व्या, ह्यूगो मिलान 14 व्या आणि डीन बेर्ता विन्यालेस 15 व्या वर्षी ट्रॅकवरच्या अपघातांत गेले. त्यानंतर ग्रांप्रीचं किमान वय 2023 पासून, थोडे अपवाद सोडून, 18 करण्यात आलं. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर 13 वर्षांचा एक भारतीय मुलगाही दगावला. हे लपवून या खेळाची भलामण करणं मला पाप वाटतं. स्तेफानियाची भीती खरी होती, आणि तिने मुलाला आधी कार्टवर बसवलं हा निर्णयही योग्यच होता.

आपल्याकडे कार्टिंगची वाट मोटारींकडे जाते. मुंबईचा जेहान दारुवाला त्याच वाटेने फॉर्म्युला टूपर्यंत पोचला आणि 2020 मध्ये तिथे जिंकणारा पहिला भारतीय ठरला. पण त्या वाटेवरचा खर्च रॉसींनाही पेलला नव्हता, तिथे आपल्या मध्यमवर्गीय घरांची काय कथा! दुचाकीत आपण मागे नाही. केटीएमच्या गाड्या चाकणला बनतात, आणि रॉसीच्या पहिल्या विजेतेपदाच्या एप्रिलियाची आरएस 457 बारामतीत. कोल्हापुरात राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेला ट्रॅक आहे. गुणी मुलाला परवडेल अशी मधली पायरी तेवढी नाही. म्हणून कार्टिंग ट्रॅक चालवणाऱ्यांना विनंती आहे: महिन्यातली एक सकाळ मिनीमोटोसाठी राखून ठेवा. प्रशिक्षक असू द्या, प्रत्येक मुलाच्या अंगावर पूर्ण सूट आणि हेल्मेट असू द्या, दाराशी डॉक्टरसह रुग्णवाहिका उभी असू द्या. आणि यातलं एक जरी नसेल, तर त्या दिवशी ट्रॅक उघडू नका.