पदनाम आणि मोठे अक्षर

आनेकल तालुक्यातील जिगणी, बोम्मसंद्र येथे नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी ग्राहकास शाखेशी इंग्रजीतून पत्रव्यवहार करताना एक शंका येऊ शकते : 'मॅनेजर'मधील 'एम' मोठा लिहावा की लहान? मराठी वा कन्नड लिपीत हा भेदच नाही.

चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 'गव्हर्नर देशमुख' असे लिहिताना पदनाम नावाचाच भाग बनते, म्हणून 'जी' मोठा. 'देशमुख हे बँकेचे गव्हर्नर होते' अशा वाक्यात ते सामान्यनाम ठरते. तेथे बहुतेक शैलीपुस्तके लहान 'जी' सुचवितात. त्यात अनादर नाही. आदरार्थी बहुवचनाच्या सवयीमुळे आपल्याला तसे वाटते, इतकेच. सरकारी रिवाज मात्र निराळा : संविधानाच्या इंग्रजी पाठात राष्ट्रपती व राज्यपाल ही पदे वाक्यातही मोठ्या अक्षराने येतात.

पत्रात पत्ता, संबोधन व सहीखालील पदनाम यांना मोठे अक्षर द्यावे. 'मी एका कारखान्यात लेखापाल आहे' असे मजकुरात सांगताना लहान पुरे. छापील अर्जात सर्वच अक्षरे मोठी मागितली असतील, तर प्रश्नच उरत नाही.